दुसऱ्या ओळीतली तिसरी

— नाही नाही, बसा आधी. उभ्यानं अशा गोष्टी होत नाहीत. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. आणि हात जोडू नका भाऊ, मला नाही आवडत ते. तुम्ही योगेंद्र ना? कुसुम सिस्टरचे चिरंजीव? गेटवरच्या लोटूनं सांगितलं — 'रंजिता सिस्टर, कुसुमबाईचा पोरगा आला, खाली उभा आहे' — तेव्हाच समजले मी, कशाला आलात ते. तर सीधी बात, तुमचाही वेळ जायला नको अन् माझाही, दोनला माझी ड्यूटी सुरू होते — मी जबाब बदलणार नाही. लिहून दिला तो दिला. उद्या अकराला चौकशीची कमिटी बसेल, तिथं विचारलं तरी तेच सांगणार. आणि आहे काय त्यात? दोन ओळी आहेत. 'कुसुम सिस्टरांची नजर कमी झाली आहे. इंजेक्शनाच्या ॲम्प्यूलवरची अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, हे मी याआधीही पाहिलं आहे.' बस. यात खोटं काय? तुम्हीच सांगा — घरी तांदूळ कोण निवडतं? तुमची आई? नाही ना. सून निवडते. का? खडा राहून जातो म्हणून. म्हणजे खडा राहतो म्हणून जिच्या हातचं सूप काढून घेतलं, तिच्या हातात सिरिंज मात्र राहू दिलीत. अन् आता माझ्याकडे बघताय, जसं काही मीच केलंय सगळं.

त्यांनी काय सांगितलं तुम्हाला घरी? काहीच नाही? वाटलंच. ऐका मग. मंगळवारची गोष्ट, दुपारी पावणेचार. देडतलाईचे देवराम म्हणून एक म्हातारे, सात नंबरच्या खाटेवर, छातीत पाणी भरलं, श्वास घेता येईना. डॉक्टरनं दारातूनच ओरडून सांगितलं कोणतं इंजेक्शन द्यायचं ते — पाणी उतरवायचं. आणि तुमच्या आईनं दिलं दम्याचं. ज्यानं ठोके वाढतात. आधीच थकलेलं हृदय, त्यावर ते! दीडशेच्या वर गेले ठोके, डोळे फिरवले म्हाताऱ्यानं, मुलगी खाटेचा गज धरून किंचाळायला लागली. वाचले. डॉक्टर तिथंच होते म्हणून वाचले. आज सकाळी चहात बिस्किट बुडवून खात बसले होते, अन् मलाच विचारतात, 'ते म्हातारी बाई कोठी गेली? तिचा हात हलका व्हता.' घ्या! जिनं मारायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तिचा हात हलका! असे आमचे पेशंट. यांना वाचवायला आम्ही चार वर्षं इंदूरला जाऊन डिग्री घ्यायची.

रागावलात? रागवा, मला फरक पडत नाही. मला खरं म्हणजे तुमचाच राग येतो. बासष्ट वर्षांची आई आहे तुमची. बासष्ट! तुम्ही लोधीपुऱ्यातून मोटारसायकलवर तिला गेटपाशी सोडता — बघितलंय मी, रोज बघते — ती उतरते, पदर सारखा करते, आणि तुम्ही वळून शाळेत जाता मुलांना शिकवायला. मागं बघितलंत कधी? ती आधी कठडा धरते. मग एक पाय. मग दुसरा. मग थांबते, कोणी बघत नाही ना बघते, आणि मग एकदम ताठ होऊन आत येते, जशी काही पंचविशीची. स्टाफनं लिफ्ट वापरायची नाही, लिफ्ट पेशंटची. दोन मजले. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, पायांत ते घट्ट मोजे, शिरा फुगल्यात म्हणून. आणि वर येऊन नव्वद किलोचा माणूस कुशीवर वळवायचा, दर दोन तासांनी. कोण वळवतं? ती वळवते. मी म्हणते मी वळवते, तर म्हणते 'तू पोरी पाठ जपून ठेव, तुले पोरं व्हायची आहेत.' याला काय म्हणायचं? त्याग? मी सांगते काय म्हणायचं ते. अडाणीपणा म्हणायचं.

आणि दवाखाना — दवाखान्याचं तर काय बोलावं. बेचाळीस खाटा अन् एका पाळीला दोन सिस्टर. साठ झाली की शाल, नारळ, गुलाबाचा हार, डॉक्टरसाहेबांचं भाषण, आणि दुसऱ्या सोमवारी तीच बाई अकरा महिन्यांच्या कराराच्या कागदावर पुन्हा हजर. आमच्याकडे अशा चौघी आहेत. का ठेवतात? प्रेमानं? अहो, माझ्या बॅचच्या अठरा जणींपैकी बुऱ्हाणपुरात मी एकटी परत आले. एकटी! बाकीच्या कोणी इंदूर, कोणी नाशिक, दोघी तर आखातात. तरुण पोरगी तीन महिन्यांत निघून जाते, म्हातारी कुठं जाणार? म्हणून ठेवतात. माझे बाबा फोपनारला केळी करतात. घड उतरवला की ते खोड कापतात, खालच्या पिलाला वाढू देतात. हे लोक घड उतरवूनही त्याच खोडाला पाणी घालत बसतात, अजून एक लागेल म्हणून. आणि खोडही असं, की लागेल म्हणून उभं राहतं!

बरं, उजव्या डोळ्याचं काय? डाव्याचं ऑपरेशन झालं मागच्या वर्षी, मोतीबिंदूचं. उजव्याचं का राहिलं? ... डॉक्टर म्हणाले अजून पिकू द्या? असं सांगितलं तुम्हाला? अरे देवा. भाऊ, हल्ली कोणी पिकू देत नाही. ते केव्हाच करायला पाहिजे होतं. त्यांनी विमल मॅट्रनकडे पंधरा दिवस रजा मागितली होती, मी तिथं होते. मॅट्रन म्हणाल्या, घ्या की, पण मग नवा कागद होईल की नाही ते मी नाही सांगू शकत. झालं. रजेचा अर्ज तिथंच घडी घालून कमरेला. तुम्हाला माहीत नव्हतं. नाहीच माहीत होणार, तुम्ही विचारलं कधी? 'आई, डोळा कसा आहे' एवढं विचारायला पैसे पडतात?

मी विचारलं. हो, मी. तुम्हाला वाटत असेल ही कालची पोरगी, हिला म्हाताऱ्या बायांचं काय पडलंय — मी अर्ज लिहिला होता त्यांच्यासाठी. दोन पानी. जानेवारीत. अठ्ठावन्नच्या पुढच्या सिस्टरना पेशंट उचलायला लावू नका, रात्रपाळी देऊ नका, वॉर्डात बसायला स्टूल ठेवा, वर्षातून एकदा नजर तपासा. काय वाईट होतं त्यात? कॉलेजात आम्ही याच्यावर प्रोजेक्ट केलं होतं, मला सगळे नियम पाठ. रात्री जागून लिहिला, टाईप करून आणला, चौघींपुढं ठेवला, म्हटलं सही करा. एकीनंही सही केली नाही. एकीनंही! ज्योत्स्ना सिस्टर म्हणाल्या, उद्या आम्ही कामाच्या नाही असं आम्हीच लिहून देऊ का? आणि तुमच्या आईनं वाचलासुद्धा नाही. हसल्या. 'स्टूल दिलं तर बसावं लागीन नं, पोरी. बसलं का उठवत नाही.' सगळ्या हसल्या. आणि माझ्या त्या दोन पानांवर पोह्यांची ताटली ठेवली, टेबल खराब होऊ नये म्हणून. मी अर्ज उचलला तेव्हा मधोमध तेलाचा गोल उठला होता. हसू नका. तुम्हीपण हसताय. तुम्हीपण त्यांचेच.

तेव्हा ठरवलं मी — यांच्यासाठी नाही, पेशंटसाठी करायचं. यांना वाचवता येत नाही, यांच्यापासून पेशंटला वाचवू. दवाखान्याची तपासणी होणार होती, बाहेरून टीम येणार होती, मॅट्रन म्हणाल्या, रंजिता, तू नवीन शिकून आलीस, वॉर्ड लावून घे. मी लावला. एकटीनं. खाटांना नंबर, कचऱ्याचे डबे रंगाप्रमाणे, सगळं. आणि तो ट्रे. तुम्हाला ट्रे माहीत नसेल — तातडीच्या इंजेक्शनांचा, पत्र्याचा, चार ओळी, एका ओळीत सहा खाचा, एकेका खाचेत एक औषध. त्यात कशी ठेवली होती औषधं माहितीय? कशीच नाही! मालूबाई म्हणून कोणी सिस्टर होत्या वीस-बावीस वर्षांपूर्वी, त्यांनी आपल्या मनानं लावला, मिसळणाचा डबा लावतात तसा — हात पहिला पडेल तिथं जास्त लागणारं, कडेला कमी लागणारं. नाव नाही, चिठ्ठी नाही. आणि वीस वर्षं या सगळ्या बाया त्याच डब्यावर चालल्यात! बघतच नाहीत. डोळे पेशंटकडे, हात मागं ट्रेवर. दुसऱ्या ओळीतली तिसरी — पाणी उतरवायची. पहिल्या ओळीतली पहिली — झटके थांबवायची. भाजीत हळद टाकावी तसं. मला तर पहिल्या दिवशी बघून अंगावर काटा आला. हे नर्सिंग आहे? अहो, नियम आहे — औषध उचलताना नाव वाचायचं, भरताना वाचायचं, देताना वाचायचं. तीनदा. पहिल्या वर्षाच्या पोरीला माहीत असतं.

म्हणून बदलला मी. अक्षरवार. ए-पासून. प्रत्येक खाचेखाली छापील चिठ्ठी, इंग्रजीत, स्वच्छ. जगात सगळीकडे असंच असतं. नाही हो, अक्षरं काही बारीक नव्हती. म्हणजे — होती थोडी, खाच केवढी असते? बोटभर. पण वाचता येणाऱ्याला वाचता येत होती.

केव्हा? मंगळवारी. सकाळी. मंगळवारी सकाळीच लावला मी तो ट्रे, हो, पण त्याचा काही —

थांबा, मध्ये बोलू नका, मी सांगते ना. त्याचा याच्याशी संबंध नाही. दोनला त्यांची पाळी सुरू झाली, मी चार्ज दिला. चार्ज देणं म्हणजे एकेका खाटेपाशी जाऊन सांगायचं, याला हे चाललंय, त्याला ते. दिला मी नीट. बेचाळीस खाटा सांगितल्या. आता ट्रेचं सांगायचं... चार्जच्या वहीत ट्रेचा रकानाच नाही. कुठं लिहिणार? रकाना नाही. तोंडी? तोंडी सांगता आलं असतं. आलं असतं, पण तुम्हाला त्या दिवसाचं माहीत नाही. चौदा नंबरच्या बाईला सलाईन लावायची होती, तीन वेळा टोचलं मी, शीर सापडेना, बाई रडायला लागली, आणि या आल्या, पिशवी खांद्याला तशीच, अजून पाळी सुरू नाही झालेली — बोट फिरवलं तिच्या हातावर, दोनदा, डोळे तर खिडकीकडे — आणि एका झटक्यात लावली. आणि सगळ्या वॉर्डासमोर मला म्हणतात, 'पोरी, शीर डोयानं नाही दिसत, बोटाले दिसते.' सगळ्या नातेवाइकांसमोर! ती बाई हात जोडते त्यांना, आणि माझ्याकडे असं बघते, जशी मी झाडूवाली. मग मी ट्रेचं सांगायचं? 'कुसुम सिस्टर, मी तुमचा ट्रे बदललाय' — म्हणजे पुन्हा हसतील, पुन्हा काही ऐकवतील, पुन्हा आपल्या मनासारखा लावून ठेवतील. मी म्हटलं, नाही सांगायचं. बघू दे. एकदा हात जाऊ दे, सापडू नये, चिठ्ठी वाचावी लागू दे. चष्मा काढावा लागू दे पिशवीतून. दोन मिनिटं अडखळल्या असत्या. दोन मिनिटं, बस! एवढंच वाटलं होतं. माणूस मरावा असं नव्हतं वाटलं, मी काय राक्षस आहे?

आणि वाचायला पाहिजे होतं त्यांनी! हे बघा, मुद्दा तोच आहे. ट्रे कसाही लावा — वाचायचं. तीनदा वाचायचं. दोन्ही ॲम्प्यूल सारख्याच उंचीच्या, काच सारखी, पण नाव वेगळं आहे ना वर? छापलंय ना? मी समोरच होते, चार वाजेपर्यंत थांबले होते तपासणीचे कागद भरायला. डॉक्टर ओरडले, आणि त्या पळाल्या. पळाल्या हो, त्या गुडघ्यांवर! मला तर वाटलं पडतात. हात गेला सरळ दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या खाचेवर, मान देवरामकडे, तोंडानं त्याला 'हळू हळू, बाबा, श्वास घे' चाललेलं. मी बघितलं. तिथं आता दम्याचं होतं, मीच ठेवलेलं, सकाळी स्वतःच्या हातानं, मला माहीत होतं. आता वाचतील, म्हटलं. आता चष्मा काढतील. काढला नाही. डोकं मोडलं बाटलीचं, टक् करून. आता वाचतील. सिरिंजमध्ये घेतलं. माझ्या तोंडात नाव आलं होतं. कुसुम सि— एवढं आलं होतं...

किती वेळ असेल तो? चार सेकंद? पाच? तुम्ही मोजा पाच सेकंद. काही नसतात हो पाच सेकंद. ओरडायला आधी श्वास घ्यावा लागतो.

असं बघू नका माझ्याकडे. चूक त्यांची आहे. कमिटीपुढं नर्सिंगच्या कुठल्याही पुस्तकाला विचारा, चूक त्यांची आहे. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मॅट्रननं सगळ्यांसमोर विचारलं ना त्यांना, काय झालं कुसुमताई? मी तयार होते. खरंच सांगते, तयार होते मी, त्या म्हणतील ट्रे बदललाय, मग मी म्हणेन, हो, नियमाप्रमाणे बदललाय, मग वाद होईल, होऊ दे वाद! मला पाहिजेच होता वाद. आणि त्या काय म्हणाल्या? ट्रेकडे बघितलं त्यांनी. खाली वाकून, अगदी नाक लावून बघितलं त्या चिठ्ठ्यांकडे. मग माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाल्या, 'माझीच चूक, मॅडम.' बस. तीन शब्द. दुसरी कोणी असती तर माझ्या झिंज्या धरल्या असत्या. मीही धरू दिल्या असत्या. पण नाही, यांना मोठेपणा पाहिजे! पोरगी नवीन आहे, तिचं सगळं आयुष्य पडलंय — असंच काहीतरी असणार मनात, मला माहीत नाही? दया! मी कुणाची दया मागितली होती? माझ्या अर्जावर पोह्यांची ताटली ठेवणारी बाई माझ्यावर दया करणार? तीन दिवस मी झोपले नाही. तीन दिवस त्या 'माझीच चूक'नं माझं डोकं खाल्लंय. ज्याला स्वतःसाठी दोन शब्द बोलता येत नाहीत, त्यानं नोकरी करूच नये. ज्याला भांडता येत नाही, त्यानं घरी बसावं, नातवंडं सांभाळावी. मला कीव येते अशा माणसांची. कीव नाही, चीड. चीड येते.

जाऊ द्या. तुम्ही बोला ना. इतका वेळ मीच बोलतेय, तुम्ही आपले गप्प, अगदी आईवर गेलात. काय पाहिजे तुम्हाला? जबाब मागं घेऊ? का कमिटीसमोर ट्रेचं सांगू? बोला. एकदा तोंडानं मागा तरी.

... काय?

सकाळी?

पण उद्या कमिटी आहे. कमिटीच्या आधी राजीनामा कसा — कोणी सांगितलं त्यांना? कोणीच नाही? स्वतः लिहून दिला? तुम्ही ऑफिसात देऊन आलात. घेतला त्यांनी? ... घेतलाच असेल. काय लिहिलंय? 'नजर साथ देत नाही.' एवढंच? आणखी काही नाही, दुसऱ्या कोणाचं काही — नाही. म्हणजे कमिटी बसणारच नाही आता. मिटलं. देवरामच्या मुलीचीही काही तक्रार नाही, मॅट्रन म्हणत होत्या.

मग तुम्ही माझ्याकडे — सामान न्यायला? नुसतं सामान? वॉर्डातल्या चपला, डबा, स्वेटर. अहो, मग आल्या आल्या सांगायचं नाही का, सामान न्यायला आलोय म्हणून! ... मी बोलू दिलं नाही. हो. बरं.

बरं झालं. चांगलंच झालं, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या आता, रजेचा प्रश्न नाही. मीच म्हणत होते ना, आराम करायला पाहिजे.

काय म्हणालात? कोणता ट्रे?

मी ट्रेचं काही बोलले नाही. मी वॉर्डाचं सांगत होते, तपासणीचं. तुम्ही शाळेतले मास्तर, तुम्हाला दवाखान्यातलं काय कळतं, उगाच इकडचं तिकडं जोडू नका. खिडकीजवळचं कपाट आहे त्यांचं, कुलूप नाही त्याला. काय न्यायचं ते न्या आणि निघा. दोन वाजले. मला चार्ज घ्यायचाय.